१७ मिमी की २० मिमी? मुंबईच्या खोल्यांत तीन मिलिमीटरचा हिशेब

मायक्रो फोर थर्ड्सचा (ऑलिंपस आणि पॅनासॉनिकचा लेन्स बदलता येणारा सामाईक प्रकार) छोटा कॅमेरा घेतला आणि किटमधली झूम हाताळून झाली, की पहिली प्राइम, म्हणजे झूम न होणारी लेन्स, कोणती घ्यायची हा प्रश्न येतोच. विचारलं की दोन नावं हमखास कानावर पडतात: ऑलिंपसची १७ मिमी एफ १.८ आणि पॅनासॉनिकची २० मिमी एफ १.७. माउंट, म्हणजे लेन्स बसवायची जागा, एकच, त्यामुळे दोन्ही लेन्स दोन्ही कंपन्यांच्या बॉडीवर बसतात. फिल्टरसुद्धा दोन्हींना ४६ मिमीचाच लागतो. आकडे इतके जवळचे असल्यामुळे बरेच जण जी स्वस्तात मिळेल ती उचलतात. तसं करू नका, कारण वापरायला घेतल्यावर या दोन लेन्सचे स्वभाव अगदी वेगळे निघतात.

आधी एफचा आकडा, म्हणजे लेन्सचं तोंड किती उघडतं तो, बाजूला ठेवू. १.७ आणि १.८ मधला फरक प्रकाशाच्या हिशेबात स्टॉपचा जेमतेम सहावा भाग आहे (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा). संध्याकाळच्या फोटोत तो दिसणार नाही.

खरा फरक अंतराचा: लेन्सचा मिमीचा आकडा जितका लहान, तितकं दृश्य रुंद. गिरगावात माझ्या मावशीच्या चाळीतल्या घरी गणपती बसतो. खोली दहा बाय बारा. मखर एका भिंतीला, समोरच्या भिंतीला गोदरेजचं कपाट. मधे आरतीला उभी असलेली सगळी माणसं. कपाटाला पाठ टेकवून उभं राहिलं तरी मखरापर्यंत दोन मीटरच मिळतात. या कॅमेऱ्यांच्या सेन्सरची रुंदी १७.३ मिमी, म्हणजे दोन मीटरवर २० मिमी लेन्सला आडवं १ मीटर ७३ सेंटिमीटर दिसतं आणि १७ मिमीला २ मीटर ३ सेंटिमीटर. तीस सेंटिमीटरचा फरक, पण नेमक्या त्याच तीस सेंटिमीटरमध्ये काका झांजा घेऊन उभे असतात. २० लावली की त्यांचा एक खांदा आणि अर्धी झांज चौकटीबाहेर जाते. तेवढंच दृश्य २० मध्ये बसवायचं तर पस्तीस सेंटिमीटर मागे सरकायला हवं, आणि मागे कपाट आहे. १७ मध्ये मूर्ती, निरांजनाचं ताट, काका आणि त्यांच्या पायाशी बसलेली छोटी मुक्ता, सगळे येतात.

फुल फ्रेमच्या, म्हणजे जुन्या ३५ मिमी फिल्मएवढ्या सेन्सरच्या, भाषेत सांगायचं तर १७ म्हणजे ३४ मिमी आणि २० म्हणजे ४० मिमी. मोकळ्या गावात, अंगणात, या दोन्हींत निवड करणं आवडीवर सोडता येईल. मुंबईत ती निवड बहुतेक वेळा मागची भिंत करते. चाळीची गॅलरी, लोकलचा डबा, आपलं स्वयंपाकघर, सगळीकडे तेच.

दुसरा मुद्दा फोकसचा, आणि तो विकत घेण्याआधी नीट समजून घ्यायला हवा. २० मिमीमध्ये फोकस करताना आतला सगळा काचसंच पुढे-मागे सरकतो. त्यामुळे वेळ जास्त लागतो आणि घरघर ऐकू येते. सतत फोकस, म्हणजे एएफसी, पॅनासॉनिकच्या बॉडीवर या लेन्सला चालत नाही. २०१३ मध्ये दुसरी आवृत्ती आली तेव्हा बाहेरचं कवच धातूचं झालं आणि वजन १०० ग्रॅमवरून ८७ वर आलं, पण फोकसचा हा स्वभाव तसाच राहिला. १७ मिमीची रचनाच जलद आणि जवळजवळ नि:शब्द फोकससाठी केलेली आहे. लेझीम खेळणाऱ्या मुली, धावत गाडी पकडणारी माणसं, घरातलं रांगणारं मूल यांच्यासाठी १७ घ्यावी.

१७ मध्ये मला जिव्हाळ्याची वाटणारी आणखी एक सोय आहे. फोकसची रिंग मागे खेचली की खालून अंतराचे आकडे दिसतात आणि लेन्स मॅन्युअल होते, म्हणजे फोकस हाताने लावायचा. दादरच्या फुलबाजारात पहाटे मी रिंग दोन मीटरवर लावतो. उजाडलं की एफ ५.६ ठेवतो. मग साधारण सव्वा मीटरपासून साडेचार मीटरपर्यंतचं सगळं पुरेसं स्पष्ट येतं. झेंडूचं पोतं डोक्यावर घेऊन कुणी समोरून आलं तर फोकस शोधत बसावं लागत नाही. बटण दाबायचं आणि रस्ता द्यायचा.

इतकं सगळं १७ च्या बाजूने लिहूनही, २० मिमीला दुय्यम म्हणायला मी तयार नाही. ती २००९ पासून आहे आणि लोक अजून ती जपून ठेवतात, त्याला कारणं आहेत. जाडी फक्त २५.५ मिमी, १७ ची ३५.५ मिमी आणि वजन १२० ग्रॅम. २० लावलेला कॅमेरा ऑफिसच्या सॅकमध्ये जेवणाच्या डब्याशेजारी सहज राहतो, म्हणून तो रोज बरोबर येतो. ती २० सेंटिमीटरपर्यंत जवळ जाते, १७ पंचवीसवर थांबते. ऐकायला फरक पाच सेंटिमीटरचा, पण २० मध्ये चौकटीत अवघी तेरा-साडेतेरा सेंटिमीटर रुंदी मावते आणि १७ मध्ये सुमारे साडेएकवीस. म्हणजे २० ने ताटातला एकच उकडीचा मोदक घ्यावा: पारीच्या कळ्या, वरचं शेंडीचं टोक, त्यावर ओघळलेलं तूप. १७ ने घ्यायला गेलात तर शेजारची वाटी आणि वरणभातही येतो. खिडकीपाशी तांदूळ निवडत बसलेल्या आजीचा फोटोही २० मध्ये जास्त शांत येतो. थोडं लांब उभं राहता येतं, नाक मोठं दिसत नाही आणि मागची भांड्यांची मांडणी किंचित अधिक विरघळते. आजी हलत नाही, त्यामुळे फोकसला लागणारा वेळ आड येत नाही.

तेव्हा माणसं हलती आणि जागा कमी असेल तर १७. समोरचं स्थिर असेल आणि कॅमेरा रोज जवळ हवा असेल तर २०. मुंबईत राहणाऱ्याने एकच घ्यायची तर मी १७ सांगेन.

वापरलेली लेन्स घ्यायला फोर्टात बोरा बाजारात जाणार असाल तर मोबाइलचा टॉर्च लावून काचेच्या आत आरपार बघा. आपल्याकडच्या पावसाळ्यात कपाटात पडून राहिलेल्या लेन्समध्ये बुरशी धरते. ती कोळ्याच्या जाळ्यासारखी, कडेकडेने पसरलेली दिसते. तशी दिसली तर किंमत कितीही उतरवली तरी घेऊ नका. आणि ‘ऑलिंपसची १७’ एवढंच मागू नका, कारण त्याच कंपनीची १७ मिमी एफ २.८ सुद्धा आहे. ती चपटी आणि हलकी असते, आणि मी पहिल्यांदा गेलो तेव्हा एका दुकानदाराने तीच हातात ठेवली होती. पुढच्या कडेवर फिल्टरचा आकडा बघा: ३७ असेल तर ती २.८ वाली, ४६ असेल तर आपल्याला हवी ती.