पत्र पोहोचेपर्यंत: अमेरिकेच्या पश्चिमेतील दुरावलेल्या प्रेमाची पार्श्वभूमी

अमेरिकेच्या पश्चिम सरहद्दीवरची प्रेमकथा म्हटली की घोडा, पिस्तूल आणि धुळीचा रस्ता डोळ्यांपुढे येतो. त्या काळातल्या खऱ्या जोडप्यांचे सगळे अडले होते ते टपालावर. २४ जानेवारी १८४८ रोजी कॅलिफोर्नियातल्या कोलोमा इथे सोने दिसले आणि पुढच्या वर्षी हजारो पुरुष बायकोला किंवा लग्न ठरलेल्या मुलीला मागे ठेवून निघाले. वर्षभरात परतू, असा बहुतेकांचा हिशेब होता. तो चुकला की नाते टिकवायला पत्राशिवाय दुसरे काही उरत नसे, आणि त्या पत्राला एका बाजूने महिना, दोन महिने, कधी त्याहून जास्त लागत. मार्चमध्ये विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर जून-जुलैत हाती येई, तोवर विचारणारा दुसऱ्याच खोऱ्यात खणत असे.

इथली सरहद्द म्हणजे दोन देशांमधली रेघ नव्हे. गोऱ्या वस्तीची पश्चिमेकडे सरकत जाणारी कड म्हणजे ही सरहद्द. पलीकडची जमीन मोकळी नव्हती. तिथे पायुट, शोशोनी, लाकोटा आणि इतर अनेक लोकांची गावे आणि शिकारीची राने होती. टपालाचे रस्ते त्यांच्यामधूनच काढले गेले, हे पुढे लक्षात ठेवावे लागते.

पत्र लिहिण्याची रीत टपाल हशिलाने ठरवली होती. १८४५ पर्यंत अमेरिकेत हशील कागदांच्या संख्येवर होते. पाकीट वापरले तर तो दुसरा कागद धरला जाई, म्हणून एकच मोठा ताव लिहून, घडी घालून, लाखेने बंद करून वर पत्ता टाकत. १८४५ च्या कायद्याने अर्ध्या औंसाचे, म्हणजे साधारण १४ ग्रॅमचे वजन हा आधार झाला. पूर्वेकडून पॅसिफिक किनाऱ्यापर्यंत १८५१ च्या मध्यापर्यंत अर्ध्या औंसाला ४० सेंट पडत. मग पातळ कागद आला, आणि आडव्या ओळी लिहून झाल्या की कागद काटकोनात फिरवून त्यावरूनच उभ्या ओळी लिहायची युक्तीही वापरली गेली. वाचणाऱ्याला एका दिशेच्या ओळींकडे दुर्लक्ष करायला डोळा शिकवावा लागे. पातळ कागदावर शाई पाठीमागे उतरली की अशा पत्राची जाळी होऊन बसे.

आणखी एक गोष्ट आज चटकन ध्यानात येत नाही. १ एप्रिल १८५५ पर्यंत हशील आधी भरणे सक्तीचे नव्हते. पत्र घेणाऱ्याने पैसे दिले तरी चाले. खाणीवर कफल्लक झालेल्या माणसाला घरून आलेले पत्र समोर दिसत असूनही ते सोडवायला पैसे नसत.

समुद्रमार्ग असा होता. न्यूयॉर्कहून आगबोटीने पनामाच्या अटलांटिक बाजूला चाग्रेस, तिथून होडीने नदीवर चढत जाणे, उरलेली वाट खेचरावर, आणि पनामा शहरातून दुसरी आगबोट सॅन फ्रान्सिस्कोला. या मार्गावरची पहिली टपालबोट ‘कॅलिफोर्निया’ २८ फेब्रुवारी १८४९ रोजी तिथे लागली. घोळ व्हायचा तो मधल्या पट्ट्यात. पावसाळ्यात खेचरांची वाट चिखलात बुडे, आणि पुढची बोट चुकली की पोती पनामात पडून राहत. जानेवारी १८५५ मध्ये तिथे ७६ किलोमीटरची रेल्वे पूर्ण झाली आणि अनेक दिवसांचे अंतर काही तासांवर आले. एकूण प्रवास साधारण साडेतीन-चार आठवड्यांचा झाला.

सॅन फ्रान्सिस्कोत बोट दिसली की टेकडीवरून खूण केली जाई आणि टपाल कचेरीपुढे रांगा लागत. लोक रात्र रांगेत काढत. पुढची जागा पैसे घेऊन विकणारेही होते. खाणीवरच्या माणसाला शहरात येणे म्हणजे कित्येक दिवसांची मजुरी बुडवणे. त्यामुळे खाजगी टपालवाल्यांचा धंदा उभा राहिला. अलेक्झांडर टॉड याने १८४९ मध्ये खाणीवर नावांची यादी करायला माणशी १ डॉलर घेतला, आणि पत्र आणून दिले की १ औंस सोने, म्हणजे सुमारे १६ डॉलर. लोक देत होते. दुराव्याची किंमत याहून उघड आकड्यात क्वचितच सापडेल.

पत्र हरवण्याची कारणे अगदी साधी होती. खाणकाम करणारा एका छावणीत टिकत नसे. एकाच नावाची चार माणसे असत. न उचललेल्या पत्रांच्या याद्या वर्तमानपत्रांत छापल्या जात, आणि तरीही कोणी आले नाही तर ती वॉशिंग्टनच्या बेवारस पत्रांच्या कचेरीत जात; तिथे ती फोडून मौल्यवान वस्तू असलेली परत पाठवायचा प्रयत्न होई. म्हणून जाणती जोडपी पत्रांना क्रमांक घालत आणि ‘तुझे अमुक क्रमांकापर्यंतचे मिळाले’ असे आरंभीच लिहीत. मधला एक क्रमांक गळाला की अबोला आणि गहाळ टपाल यांतला फरक कळे. एवढ्या एका सवयीने बरेच गैरसमज टळले असतील.

ओरेगॉनमध्ये पत्राची वाट पाहायलाही सवड नव्हती. २७ सप्टेंबर १८५० च्या जमीन कायद्याने आधीपासून वस्ती केलेल्या एकट्या गोऱ्या पुरुषाला ३२० एकर, विवाहिताला ६४० एकर मिळत, आणि त्यातली अर्धी बायकोच्या स्वतःच्या नावावर. विवाहिताच्या वाट्याची एक अट: १ डिसेंबर १८५१ पर्यंत लग्न झालेले असावे. त्या मुदतीने घाईची लग्ने लावली, आणि तेरा-चौदा वर्षांच्या मुलीही त्यात ओढल्या गेल्या. बायकोच्या नावावर जमीन हा त्या काळात मोठाच हक्क, पण तो या मुलींच्या बालपणावर उभा राहिला, हे विसरता येत नाही.

जमिनीवरून टपालाची मोठी नियमित सोय झाली ती १८५८ च्या सप्टेंबरात. बटरफिल्ड या टपाल-कंत्राटदाराच्या घोडागाड्या मिसूरीतल्या टिप्टनहून दक्षिणेच्या वळणाने सॅन फ्रान्सिस्कोला जात. सुमारे २,८०० मैल, कराराची मुदत २५ दिवस, आठवड्यातून दोनदा.

पोनी एक्सप्रेस या घोडेस्वारांच्या टपालसेवेचे नाव मात्र सर्वांत मोठे झाले, आणि प्रेमपत्रांशी तिचा संबंध सर्वांत कमी होता. ३ एप्रिल १८६० ला ती सुरू झाली. सेंट जोसेफ ते सॅक्रामेंटो, सुमारे १,९०० मैल, १० दिवस. स्वार दर १० ते १५ मैलांवर घोडा बदले. खोगिरावर टाकायचे चार खिशांचे चामडी आवरण उचलून नव्या घोड्यावर टाकले की निघाला. त्यात जास्तीत जास्त ९ किलो टपाल मावे. अर्ध्या औंसाला ५ डॉलर, म्हणजे पूर्वेकडच्या मजुराची जवळपास आठवड्याची कमाई. त्यामुळे तिच्यातून मुख्यतः व्यापाऱ्यांची पत्रे आणि बातम्या गेल्या. मे १८६० मध्ये नेवाडातल्या विल्यम्स स्टेशनवर गोऱ्यांनी पायुट मुलींना पळवून डांबले, पायुटांनी त्यांना सोडवून ते ठाणे जाळले आणि लढाई पेटली. टपाल काही आठवडे थांबले. त्याच उन्हाळ्यात एक थैली गहाळ झाली. त्या थैलीतले, जुलै १८६० मध्ये सॅन फ्रान्सिस्कोहून निघालेले एक पाकीट न्यूयॉर्कला पोहोचले ते मे १८६२ मध्ये. तोवर पोनी एक्सप्रेसच बंद झाली होती, कारण २४ ऑक्टोबर १८६१ ला तारेची ओळ दोन्ही किनारे जोडून गेली. १० मे १८६९ ला युटात रेल्वेचे रूळ जुळले आणि पत्र आठवड्यावर आले.

समुद्रमार्गाने मात्र त्याआधीच मोठे बळी घेतले होते. अॅडलीन आणि अॅन्सेल ईस्टन यांनी २० ऑगस्ट १८५७ ला सॅन फ्रान्सिस्कोत लग्न केले आणि लगेच बोट धरली. पनामा ओलांडून ती दोघे ‘सेंट्रल अमेरिका’ या आगबोटीवर चढली. वादळात बोटीत पाणी शिरले, कोळसा भिजला, बॉयलर विझले, पंप थांबले. बायका-मुलांना आधी दुसऱ्या जहाजावर नेले. अॅडलीन गेली, अॅन्सेल राहिला. १२ सप्टेंबरला बोट बुडाली आणि चारशेहून अधिक माणसे गेली. अॅन्सेलला रात्री एका नॉर्वेजियन जहाजाने पाण्यातून उचलले आणि काही दिवसांनी ती दोघे पुन्हा भेटली.

त्याच बुडालेल्या बोटीच्या जागी, सुमारे २,२०० मीटर खोलीवर, २०१४ मध्ये कोळशाच्या ढिगावर एका तरुणीचे डॅगेरोटाइप, म्हणजे त्या काळच्या पद्धतीचे छायाचित्र, सापडले. तांब्याच्या पत्र्यावर चांदीचा मुलामा, त्यावर उमटलेला चेहरा. वर आले तेव्हा सोबत नाव नव्हते. कॅलिफोर्नियाहून पूर्वेकडे निघालेल्या कोणाच्या तरी सामानात ते होते. डॅगेरोटाइपला निगेटिव्ह नसते. त्या चित्राची तेवढी एकच प्रत, आणि ती १५७ वर्षे पाण्याखाली होती.