‘मोबी डिक’मधील पात्रे
हर्मन मेलव्हिल यांच्या ‘मोबी डिक’ या अमेरिकन कादंबरीचा पात्रपरिवार म्हणजे मुख्यत्वे नँटकेट बंदरातून देवमाशांच्या शिकारीला निघालेल्या ‘पीक्वॉड’ जहाजावरची माणसे. मेलव्हिल स्वतः १८४१ मध्ये ‘अकुश्नेट’ या शिकारी जहाजावर खलाशी म्हणून गेले होते. जहाजावरची उतरंड त्यांनी अंगावर झेललेली होती आणि कादंबरीतील पात्रांची मांडणीही बहुतांशी तिच्यावरच उभी आहे.

उतरंडीच्या शिखरावर कप्तान अहाब. मोबी डिक या पांढऱ्या देवमाशाने त्याचा पाय तोडला असून त्या जागी देवमाशाच्याच जबड्याच्या हाडाचा पाय आहे. बायबलमधील दुष्ट राजाचे नाव धारण करणारा हा अठ्ठावन्न वर्षांचा माणूस मालकांच्या नफ्यासाठी निघालेली सफर स्वतःच्या सूडाला जुंपतो. इक्वेडोरचे सोन्याचे नाणे डोलकाठीवर ठोकून, पांढरा मासा जो प्रथम पाहील त्याला ते देण्याचे तो जाहीर करतो. मुक्या जनावरावर कसला सूड, असे विचारण्याचे धैर्य फक्त पहिला मेट, म्हणजे कप्तानाच्या हाताखालचा अधिकारी, स्टारबक दाखवतो. क्वेकर या शांततावादी ख्रिस्ती पंथाचा हा नेक गृहस्थ पुढे एका रात्री झोपलेल्या अहाबच्या दाराशी बंदूक घेऊन उभा राहतो आणि ती जागेवर ठेवून परत फिरतो. त्याच्या चांगुलपणाची मर्यादा याहून नेमकी दाखवणे कठीण. दुसरा मेट स्टब तोंडातला पाइप न काढता संकटाला सामोरा जाणारा, तर तिसरा मेट फ्लास्क बुटका आणि अविचारी आहे.

ही उतरंड सर्वांत स्पष्ट दिसते ती जेवणाच्या टेबलावर. अहाबनंतर स्टारबक, मग स्टब आणि सर्वांत शेवटी फ्लास्क खाली येतो. उठताना मात्र फ्लास्कने पहिले उठायचे असते. त्यामुळे अधिकारी झाल्यापासून तो कायम अर्धपोटीच राहतो आणि लोण्याला हात लावण्याची त्याची छाती होत नाही. त्यांच्यानंतर त्याच टेबलावर हार्पून (देवमाशावर फेकायचा, दोर बांधलेला भाला) फेकणारे जेवतात, ते मात्र मनसोक्त.

हे तीन हार्पून फेकणारे प्रत्येकी एका मेटच्या शिकारी होडीवर नेमलेले आहेत: स्टारबककडे दक्षिण समुद्रातील बेटाचा राजपुत्र क्वीक्वेग, स्टबकडे अमेरिकेतल्याच गे हेडचा आदिवासी टॅशटेगो आणि फ्लास्ककडे धिप्पाड आफ्रिकी डॅगू. हुकूम गोऱ्याचा आणि माशावर पहिला घाव इतरांचा, ही विभागणी मेलव्हिल यांनी डोळसपणे केलेली आहे.

मालकांना पत्ता लागू न देता अहाबने जहाजावर लपवून आणलेल्या पाच जणांच्या गटाचा म्होरक्या फेडल्ला याला कादंबरी पारशी म्हणते. मुंबईचे पारशी परिचयाचे असलेल्या मराठी वाचकाला हे पात्र चमत्कारिक वाटेल, कारण त्याचे नाव अरबी वळणाचे आहे आणि डोक्यावरचे पागोटे वेणी घालून गुंडाळलेल्या स्वतःच्याच पांढऱ्या केसांचे आहे. अग्निपूजक, भविष्य वर्तवणारा पौर्वात्य एवढेच लेखकाला हवे होते. अहाबला फक्त ताग, म्हणजे तागाचा दोर, मारू शकेल, हे त्याचे भाकीत फाशीबद्दल नसून हार्पूनच्या दोराबद्दल होते, हे शेवटी कळते.

छोटा कृष्णवर्णीय पिप होडीतून उडी मारतो, भर समुद्रात एकटा सोडला जातो आणि भ्रमिष्ट होतो. अहाब ज्याच्याशी मायेने वागतो असा तो जवळजवळ एकटाच.

निवेदक इश्माएल सुरुवातीला क्वीक्वेगचा जिवलग मित्र म्हणून ठसठशीत दिसतो, पण पुढे इतका पुसट होतो की जे त्याने ऐकणे शक्य नाही अशी स्वगतेही तो सांगत राहतो. जहाज बुडाल्यावर क्वीक्वेगसाठी बनवलेल्या शवपेटीच्या आधाराने तरंगत तो एकटा वाचतो. हा उपसंहार ऑक्टोबर १८५१ च्या लंडन आवृत्तीतून गळला होता. त्यामुळे सगळेच बुडाले तर ही कथा सांगितली कोणी, असा प्रश्न तिथल्या समीक्षकांनी केला.