कॉन्टिनेंटल आर्मीचे हाल

अमेरिकन क्रांतीत (१७७५–१७८३) ब्रिटिशांशी लढलेल्या कॉन्टिनेंटल आर्मीचे जे हाल झाले, त्याला थंडीपेक्षा पैशाची तंगी जास्त कारणीभूत होती. जून १७७५ मध्ये काँग्रेसने, म्हणजे बंडखोर अमेरिकन वसाहतींच्या प्रतिनिधी सभेने, ही फौज उभी केली, जॉर्ज वॉशिंग्टनना सरसेनापती केलं, पण काँग्रेसला कर लावायचा अधिकारच नव्हता, १३ राज्यांकडे मागायचं आणि ती देतील तेवढ्यात भागवायचं. मग नोटा छापल्या. १७७९ पर्यंत जवळपास २४ कोटी डॉलरच्या, मागे सोनं-चांदी काही नाही. मार्च १७८० मध्ये खुद्द काँग्रेसनेच ४० कागदी डॉलर म्हणजे चांदीचा १ असा भाव ठरवला, वर्षभरात तोही टिकला नाही.

सगळ्यात प्रसिद्ध हाल पेनसिल्व्हेनियातल्या व्हॅली फोर्ज छावणीतले, डिसेंबर १७७७ ते जून १७७८. साधारण १२ हजार सैनिक, १४ बाय १६ फुटांच्या लाकडी झोपड्या, एकेकीत १२ जण. कित्येक दिवस जेवायला नुसता फायरकेक, म्हणजे पीठ पाण्यात कालवून निखाऱ्यावर भाजलेला गोळा. २३ डिसेंबरला वॉशिंग्टननी काँग्रेसला कळवलं की २,८९८ माणसं ड्युटीला उभी राहू शकत नाहीत, कारण पायात बूट नाहीत नि अंगावर धड कपडे नाहीत. सैनिक गारठून मेले असा सर्रास समज आहे. खरं तर जे सुमारे २,००० गेले त्यातले बहुतेक टायफस, टायफॉइड, हगवण अशा आजारांनी गेले, आणि त्यातलेही जास्त मार्च ते मे मध्ये, म्हणजे कडाका ओसरल्यावर.

आसपासचा मुलूख सुपीक होता, धान्य-जनावरं होती, पण शेतकरी कागदी नोटा घ्यायला तयार नव्हते, तेव्हा फिलाडेल्फिया ताब्यात असलेले ब्रिटिश रोख नाणं मोजत होते म्हणून माल तिकडे जायचा. जे मिळालं ते आणायला गाड्या-घोडे पुरेसे नाहीत, रसदखातं वाऱ्यावर. मार्च १७७८ मध्ये जनरल नथॅनिएल ग्रीननी ते हातात घेतलं तेव्हा जरा घडी बसली. न्यू जर्सीतल्या मॉरिसटाउनचा १७७९-८० चा हिवाळा तर याहून कडक होता, पण त्याचं नाव फारसं कुणी काढत नाही.

१७८० मध्ये एस्थर रीड यांच्या पुढाकाराने फिलाडेल्फियातल्या बायकांनी दारोदार फिरून ३ लाखांवर कागदी डॉलर जमवले. रीडबाईंना प्रत्येक सैनिकाला चांदीचे २ डॉलर द्यायचे होते, वॉशिंग्टन म्हणाले शर्ट द्या. मग कापड आणून बायकांनीच २,००० हून जास्त शर्ट शिवले, प्रत्येकावर शिवणारीचं नाव होतं. रीडबाई मात्र त्याच सप्टेंबरात वारल्या, पुढचं काम बेंजामिन फ्रँकलिन यांची मुलगी सारा बाख यांनी तडीस नेलं.

पगार तुंबलेलेच राहिले. १ जानेवारी १७८१ ला पेनसिल्व्हेनियाच्या पलटणींनी बंड केलं. ब्रिटिशांनी थकबाकी देऊ म्हणून माणसं पाठवली तर बंडवाल्यांनी त्यांनाच पकडून दिलं, इतकं उपाशी राहूनही हे लोक फितूर झाले नाहीत ही माझ्या मते या सगळ्या इतिहासातली सगळ्यात मोठी गोष्ट आहे. त्यांच्याशी बोलणी झाली, बऱ्याच जणांना मोकळं केलं. त्याच महिन्यात न्यू जर्सीच्या पलटणीने तेच केलं तेव्हा मात्र दोघांना गोळ्या घातल्या.

युद्ध संपल्यावर बहुतेकांना थकलेल्या पगारापोटी रोख मिळालीच नाही, हातात सर्टिफिकेटं पडली. गरजेपोटी अनेकांनी ती सटोडियांना कवडीमोलाने विकली, आणि १७९० मध्ये अर्थमंत्री अलेक्झांडर हॅमिल्टन यांच्या योजनेत सरकारने ती पूर्ण दर्शनी किमतीला मान्य केली तेव्हा फायदा ज्याच्या हातात कागद होता त्यालाच झाला. मूळ सैनिकाला वाटा द्यावा अशी काँग्रेस सदस्य जेम्स मॅडिसन यांची सूचना काँग्रेसने फेटाळली.