धरतीपकड उमेदवारी (इंदूर)

एकाच माणसाने पुन्हा पुन्हा निवडणुकीला उभं राहायचं, बहुतेक वेळा अपक्ष म्हणून, दर वेळी हरायचं आणि पाच वर्षांनी परत पर्चा (उमेदवारी अर्ज) भरायला हजर व्हायचं, याला हिंदी पट्ट्यात आणि त्यामुळे इंदूरच्या मराठीतही धरतीपकड उमेदवारी म्हणतात. या नोंदीत मुख्यतः विधानसभेचा विचार केलाय. पण लोकसभा, महापौर, अगदी राष्ट्रपतीपदसुद्धा अधूनमधून येईल, कारण ही मंडळी निवडणुकीत फार भेद करत नाहीत, जी आधी लागेल ती लढवतात.

नावाचा मान कोणाचा यावर बराच वाद आहे. बहुतेक ठिकाणी पहिलं नाव बरेलीच्या काका जोगिंदर सिंग यांचं येतं, फाळणीनंतर उत्तर प्रदेशात आलेले कापड व्यापारी, तीनशेहून जास्त निवडणुका लढवल्याचं सांगितलं जातं आणि जप्त झालेलं डिपॉझिट म्हणजे देशाच्या तिजोरीला आपली मदत असं ते म्हणायचे. १९९२ च्या राष्ट्रपती निवडणुकीत शंकरदयाळ शर्मा, जी. जी. स्वेल आणि राम जेठमलानी यांच्यानंतर चौथे तेच होते, मतं १,१३५. १९९८ मध्ये ते वारले. दुसरे भोपाळचे मोहनलाल, हेही कापडवालेच, यांची ख्याती पंतप्रधानांच्या विरुद्ध उभं राहण्याची. तिसरे बिहारमधल्या भागलपूरचे नागरमल बाजोरिया. तिघांच्याही नावापुढे धरतीपकड लागतं आणि तिघांच्याही चाहत्यांना खरा तोच वाटतो. जोगिंदर सिंगांची सुरुवात साधारण १९६२ च्या आसपासची धरली जाते त्यामुळे काळाच्या हिशोबाने त्यांचा दावा जड दिसतो, पण हे नाव एकाने शोधलं आणि बाकीच्यांनी उचललं ही मांडणीच प्रस्तुत लेखकाला तितकी पटत नाही. शब्द आखाड्यातला आहे, पाठ टेकू नये म्हणून पालथा पडून जमिनीला चिकटून राहणारा पैलवान तो धरतीपकड, आणि आखाडे बरेलीतही होते, भोपाळमध्येही होते आणि होळकरांच्या इंदुरात तर होतेच. त्यामुळे लोकांनी ठिकठिकाणी आपापल्या माणसाला हे नाव वेगवेगळं दिलं असणं जास्त संभवतं.

या सगळ्या प्रकाराला आकार दिला तो अनामत रकमेच्या कायद्याने. लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१ मध्ये विधानसभेसाठी २५० रुपये आणि लोकसभेसाठी ५०० रुपये डिपॉझिट होतं, अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवाराला निम्मं (आणि ही सूट राखीव जागेपुरती नाही, सर्वसाधारण जागेवरही मिळते, हे पुष्कळांना ठाऊक नसतं). २५० रुपये १९५२ मध्ये थोडी रक्कम नव्हती पण ती पुढे चाळीस-पंचेचाळीस वर्षं तशीच राहिली आणि महागाईने तिचं वजन इतकं उतरलं की नव्वदच्या दशकापर्यंत उभं राहणं कोणालाही परवडण्यासारखं झालं. १९९६ च्या लोकसभेला देशभरात १३,९५२ उमेदवार होते. त्याच वर्षी तमिळनाडूतल्या मोडकुरिची या एका विधानसभा जागेवर १,०३३ जण उभे राहिले, मतपत्रिकेचं पुस्तक छापावं लागलं. बेळगावात सीमाप्रश्नासाठी मराठी माणसांनी लोकसभेला ढिगाने अर्ज भरले आणि आकडा ४५६ वर गेला. मात्र मोडकुरिची आणि बेळगाव हे सामूहिक निषेध होते, धरतीपकड परंपरेत ते मोडत नाहीत. अनेक लेखांत दोन्ही एकत्र करतात ते बरोबर नाही, एक माणूस तीस वर्षं उभा राहतो आणि हजार माणसं एका दिवशी उभी राहतात यात मूळ हेतूच वेगळा आहे.

पण कायदा बदलला तो या सगळ्यांना एकाच पोत्यात घालून. १९९६ च्या दुरुस्तीने विधानसभेचं डिपॉझिट ५,००० झालं, अपक्षाला एकाऐवजी १० सूचक लागू लागले, एका माणसाला एका वेळी दोनपेक्षा जास्त जागा लढवता येईनात. आधी कुठलाही उमेदवार मतदानापूर्वी वारला की त्या जागेची निवडणूकच रद्द व्हायची, आता फक्त मान्यताप्राप्त पक्षाचा उमेदवार वारला तरच मतदान पुढे ढकललं जातं. नंतर २००९ च्या दुरुस्तीने विधानसभेला १०,००० आणि लोकसभेला २५,००० रुपये केले, आजही तेच आहेत. राष्ट्रपतीपदासाठी १९९७ मध्ये ५० सूचक, ५० अनुमोदक आणि १५,००० रुपये ठरले, तो दरवाजा तिथेच बंद झाला.

डिपॉझिट परत मिळायला एकूण वैध मतांच्या एक षष्ठांशापेक्षा जास्त मतं लागतात, बरोबर एक षष्ठांश मिळाली तरी रक्कम जाते. एखाद्या जागेवर १,८०,००० वैध मतं पडली तर ३०,००० च्या वर जावं लागेल. पर्चे चार भरले तरी डिपॉझिट एकदाच भरायचं, आणि मुदतीत नाव मागे घेतलं किंवा छाननीत अर्ज बाद झाला तर ते परत मिळतं. नोटाची, म्हणजे "वरीलपैकी कोणीही नाही" या पर्यायाची, मतं या हिशोबात धरत नाहीत. नोटा २०१३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर आला आणि ज्या पहिल्या पाच राज्यांत वापरला गेला त्यात मध्य प्रदेश होतं. इंदुरात २०२४ च्या लोकसभेला काँग्रेसच्या उमेदवाराने नाव मागे घेतल्यावर नोटाला २,१८,६७४ मतं पडली, भाजपचे शंकर लालवानी ११,७५,०९२ च्या फरकाने निवडून आले आणि बाकीच्या १३ च्या १३ जणांचं डिपॉझिट गेलं. यातले काही जण पहिल्यांदा उभे होते, काही सवयीचे, कायद्यापुढे सगळे सारखे.

डिपॉझिटपेक्षा जास्त अडचणीची गोष्ट म्हणजे खर्चाचा हिशोब. निकालानंतर ३० दिवसांत तो द्यावा लागतो, नाही दिला तर निवडणूक आयोग तीन वर्षांसाठी अपात्र ठरवू शकतो. खर्चाची मर्यादा २०२२ पासून मोठ्या राज्यांत विधानसभेला ४० लाख आहे, ती अपक्षाच्या कामाची नाही कारण त्याचा खर्च बहुतेक वेळा पॅम्प्लेट, रिक्षावरचा भोंगा आणि चहापाणी यातच संपतो. पण रजिस्टर तेच, व्हाउचर तेच, निवडणुकीसाठी वेगळं बँक खातं तेच. जो माणूस दर पाच वर्षांनी न चुकता परत दिसतो त्याने आधीच्या सगळ्या हिशोबांचे कागद वेळेवर दिलेले असतात, ही शिस्त कोणी मोजत नाही आणि ती मोजायला हवी असं इथे मुद्दाम नोंदवतो.

इंदूर जिल्ह्यात विधानसभेच्या ९ जागा आहेत, शहराच्या एक ते पाच आणि राऊ, महू, सांवेर, देपालपूर. शहरात या परंपरेचं सगळ्यात ठळक नाव परमानंद तोलानी, "इंदुरी धरतीपकड" म्हणूनच ओळखले जाणारे, व्यवसाय प्रॉपर्टीचा. त्यांचे वडील मेठाराम तोलानी हेही आयुष्यभर उभे राहिले आणि हरले, वडील गेल्यावर ऐंशीच्या दशकाच्या अखेरीपासून मुलाने ते चालू ठेवलं. लोकसभा, विधानसभा, महापौर मिळून २०२३ पर्यंतचा आकडा बातम्यांत अठराच्या आसपास येतो आणि डिपॉझिट एकदाही परत नाही. महापौरपद महिलांसाठी राखीव झालं तेव्हा त्यांनी पत्नीला उभं केलं. २०२३ ला ते इंदूर-४ मधून होते, ही जागा १९९० पासून भाजपकडे आहे आणि पेपरवाले तिला इंदूरची अयोध्या म्हणतात. म्हणजे निकाल काय लागणार हे पर्चा भरतानाच सगळ्यांना माहीत. १,००० चौरस फुटांपर्यंतच्या घरांचा संपत्ती कर माफ व्हावा ही त्यांची मागणी, ती शहराच्या लहान घरवाल्यांच्या अगदी खिशातली आहे आणि मोठ्या सभांमध्ये तिच्यावर क्वचितच कोणी बोलतं.

इंदूरचा मतदार अपक्षाला मत देतच नाही असं नाही. होमी दाजी १९६२ ला लोकसभेवर अपक्ष म्हणून निवडून गेले, पण त्यांच्यामागे कामगार संघटना आणि कम्युनिस्टांची फळी होती, गिरण्या होत्या. संघटना नसलेल्या एकट्या माणसाची गोष्ट निराळी. तसंच विधानसभा हरलेला प्रत्येक जण धरतीपकड नाही. सुमित्रा महाजन (इंदूरकरांच्या ताई, माहेर चिपळूणचं) १९८५ ला इंदूर-३ मध्ये महेश जोशींकडून हरल्या आणि १९८९ पासून सलग आठ वेळा लोकसभा जिंकल्या. पक्षाचं टिकट घेऊन दोन-तीनदा हरणारे सगळीकडेच असतात, त्यांना पुढच्या वेळी जिंकायचं असतं आणि पक्षाने टिकट कापलं की ते बहुतेक थांबतात. तिसरा प्रकार डमीचा, दुसऱ्याच्या नावाशी नाव जुळवून मतं फोडायला उभा केलेला किंवा ऐनवेळी "बसवायला" (माघार घ्यायला लावायला) उभा केलेला. हा धंदा आहे आणि त्याच्यामुळे खऱ्या हट्टी अपक्षाकडेही लोक संशयाने बघतात, घरी येऊन पहिला प्रश्न विचारतात तो, भाऊ, कोणी उभं केलं तुम्हाला?

बाहेरची उदाहरणं थोडक्यात. तमिळनाडूतल्या मेट्टूरचे के. पद्मराजन, टायर दुरुस्तीचं दुकान, १९८८ पासून २३० च्या वर निवडणुका, सगळ्यात जास्त मतं २०११ ला मेट्टूर विधानसभेत ६,२७३. पुण्याचे विजयप्रकाश कोंडेकर, वीज मंडळातले जुने कर्मचारी, २०१९ पर्यंत दोन डझन निवडणुका. पद्मराजन राज्याबाहेरही लढू शकले याचं कारण कायद्यातच आहे, लोकसभेला देशातल्या कुठल्याही मतदारसंघाच्या यादीत नाव असलं तरी चालतं पण विधानसभेला त्याच राज्यातल्या यादीत नाव लागतं. म्हणून विधानसभेचा धरतीपकड आपल्या गावाचाच राहतो. त्याला मत देणारे त्याला ओळखतात, न देणारेही ओळखतात, दुसऱ्या दिवशी सकाळी पोह्याच्या दुकानात त्याच लोकांसमोर उभं राहायचं असतं, आणि हे सोपं नाही.

अशा उमेदवारीने मतपत्रिका लांबते, यंत्रं जास्त लागतात (एका बॅलट युनिटवर १६ नावं), सरकारी खर्च वाढतो हा आक्षेप जुना आहे आणि खर्चाच्या बाबतीत खरा आहे. विधी आयोगाने मार्च २०१५ च्या २५५ व्या अहवालात तर अपक्षांना लोकसभा-विधानसभा लढवण्यापासून पूर्ण मनाई करावी अशी शिफारस केली. प्रस्तुत लेखकाचं मत उलट आहे. डिपॉझिट वाढवून डमी थांबले नाहीत कारण त्यांचे पैसे दुसरा कोणी भरतो. थांबला तो स्वतःच्या खिशातून भरणारा, आणि १०,००० रुपये रिक्षावाल्याच्या किंवा शिवणकाम करणाऱ्या बाईच्या घरात काय असतात हे अहवाल लिहिणाऱ्यांनी बघायला हवं होतं. ती शिफारस अजून कायद्यात आलेली नाही, त्यामुळे वय २५ पूर्ण, यादीत नाव, १० सूचक आणि डिपॉझिट एवढं असलं की मोती तबेल्यातल्या कलेक्टर ऑफिसात जाऊन आजही कोणालाही पर्चा भरता येतो.