जेआरएफ मिळाली, की जेआरएफ म्हणून लागलीस?

मागच्या उन्हाळ्यात कॉलेजमधल्या एका ज्युनियरचा रात्री साडेदहाला फोन आला. "ताई, जेआरएफ झालं! बायोमेडिकलची लॅब आहे, सोमवारी जॉइन व्हायचंय." घरी पेढेही वाटून झाले होते. मी मनापासून अभिनंदन केलं आणि विचारलं, "मिळाली, की लागलीस?" तिला प्रश्नच कळला नाही. तिची त्यात काही चूक नव्हती. तिच्या जागी मी होते तेव्हा मलाही कळला नसता.

जेआरएफ या तीन अक्षरांमागे दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक आहे ज्युनियर रिसर्च फेलोशिप, म्हणजे परीक्षा देऊन स्वतःच्या नावावर मिळवलेली शिष्यवृत्ती. दुसरी म्हणजे एखाद्या प्रोजेक्टवरचं ज्युनियर रिसर्च फेलो हे पद. दरमहा रक्कमही बहुतेक वेळा सारखीच असते. १ जानेवारी २०२३ पासून पहिली दोन वर्षं ३७,००० रुपये, पुढे एसआरएफ, म्हणजे सीनियर रिसर्च फेलो, झाल्यावर ४२,०००, आणि वर शहराप्रमाणे घरभाडं. बँकेतल्या आकड्यावरून फरक ओळखू येत नाही. तो कळतो प्रोजेक्ट संपतो तेव्हा, आणि तेव्हा फार उशीर झालेला असतो.

आधी 'मिळणारी' जेआरएफ. सीएसआयआर-यूजीसी नेट ही विज्ञान विषयांची राष्ट्रीय पात्रता परीक्षा आणि केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाची बेट ही परीक्षा, हे तिचे ओळखीचे रस्ते. निकाल लागला की पत्र तुमच्या नावानं येतं. त्या पत्राला मुदत असते, सीएसआयआरच्या पत्राला दोन वर्षांची. तेवढ्या काळात लॅब शोधून रुजू व्हायचं. जेआरएफ आणि एसआरएफ मिळून जास्तीत जास्त पाच वर्षं पैसे मिळतात. मुख्य म्हणजे लॅब तुम्ही निवडता. गाईडच्या खात्यात ग्रँट असो वा नसो, तुमचा महिना अडत नाही. असा विद्यार्थी आपल्या पगाराची सोय सोबत घेऊनच येतो, त्यामुळे त्याच्या ई-मेलला उत्तरही लवकर येतं.

बायोमेडिकल इंजिनिअरिंगच्या मुलांची अडचण इथेच आहे. सीएसआयआर नेटमध्ये आता अभियांत्रिकीचा वेगळा पेपर नाही. बीई झालेल्या मुलाला परीक्षा देता येते, पण आपल्याला जवळचा पेपर म्हणजे लाइफ सायन्सेस. चार वर्षं सर्किट, सिग्नल प्रोसेसिंग आणि बायोमेकॅनिक्स शिकलेल्या मुलीला अचानक वनस्पतींची शरीरक्रिया आणि परिसंस्था वाचायला बसावं लागतं. काही जण हे जिद्दीनं करतात आणि मला त्यांचं खरंच कौतुक वाटतं. पण आपल्या शाखेतले बरेच जण दुसऱ्या दारानं आत येतात. गेट या अभियांत्रिकीच्या पदव्युत्तर प्रवेशाच्या परीक्षेत २०२० पासून बायोमेडिकल इंजिनिअरिंगचा स्वतंत्र पेपर आहे, कोड बीएम, आणि गुण तीन वर्षं चालतात. गेट पास झाल्यानं हातात फेलोशिप पडत नाही, पण प्रोजेक्टवरच्या जेआरएफसाठी लागणारी पात्रता मिळते. नेट किंवा गेट नसेल तर त्याच लॅबमध्ये सहसा प्रोजेक्ट असोसिएट म्हणून घेतात. काम जवळपास तेच, पैसे कमी.

आता 'लागणारी' जेआरएफ. प्राध्यापकांनी डीएसटी, आयसीएमआर किंवा बायरॅक अशा संशोधनाला पैसे देणाऱ्या सरकारी संस्थांकडे प्रस्ताव पाठवलेला असतो. त्यात उपकरणं, रसायनं आणि प्रवास यांच्यासोबत मनुष्यबळ नावाचा एक रकाना असतो. मंजुरी आली की त्या रकान्यातून जाहिरात निघते, मुलाखत होते आणि नेमणुकीचं पत्र मिळतं. ते नीट वाचा. नेमणूक तात्पुरती आहे, ती प्रोजेक्टच्या मुदतीपुरती आहे, आणि दर वर्षी किंवा सहा महिन्यांनी नूतनीकरण होईल, असं त्यात लिहिलेलं असतं. तीन वर्षांचा प्रोजेक्ट असेल आणि तुम्ही तिसऱ्या वर्षी रुजू झालात, तर तुमच्या वाट्याला उरलेले महिनेच येतात.

हे मी अनुभवातून सांगते. माझ्या पहिल्या लॅबमध्ये मी रुजू झाले तेव्हा प्रोजेक्टचे चौदा महिने उरले होते. मी विचारलं नाही आणि कुणी सांगितलंही नाही. त्यात ग्रँटचा मधला हप्ता लांबला. आधीच्या पैशांचं उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे खर्चाचा दाखला, कार्यालयातून पुढे सरकत नव्हतं, म्हणून चार महिने पगार नव्हता. गाईडनी पदरचे पैसे देऊ केले, पण मी घेतले नाहीत. शेजारच्या टेबलावर नेट जेआरएफ असलेला मुलगा होता. तोच सेल कल्चर हूड, तेच उणे ऐंशीचं फ्रीझर, तेवढेच तास. प्रोजेक्ट बंद झाला त्या महिन्यात मी टेबल आवरलं आणि तो दुसऱ्या दिवशी नेहमीसारखा कामाला आला.

कामाचं स्वरूपही वेगळं असतं, आणि बायोमेडिकलमध्ये हा फरक इतर विषयांपेक्षा ठळक आहे. इथे बरेचदा प्रोजेक्टच्या शेवटी यंत्र द्यायचं असतं. आयआयटी मुंबईत २०१४ मध्ये राज्य सरकारच्या राजीव गांधी विज्ञान व तंत्रज्ञान आयोगाच्या मदतीनं बेटिक हे वैद्यकीय उपकरणांचं केंद्र सुरू झालं, पुढे नागपूरचं व्हीएनआयटी आणि पुण्याचं सीओईपीही त्याला जोडलं गेलं. अशा ठिकाणी डॉक्टर आपली अडचण सांगतात, इंजिनिअर नमुना बनवतात, तो तपासून पुन्हा बनवतात. शिकायला याहून चांगली जागा क्वचितच मिळेल. पण पीएचडीला नवा प्रश्न आणि त्याचं उत्तर लागतं, प्रोजेक्टला ठरलेल्या तारखेला चालणारं उपकरण लागतं. प्रोजेक्टवरच्या माणसाचा दिवस तीन पुरवठादारांकडून कोटेशन मागवण्यात, जेम या सरकारी खरेदीच्या पोर्टलवर खरेदी टाकण्यात, स्टॉक रजिस्टर भरण्यात आणि एथिक्स कमिटीचा फॉर्म तिसऱ्यांदा दुरुस्त करण्यातही जातो. ही कामं हलकी नाहीत. त्यांच्याशिवाय लॅब चालत नाही. फक्त ती प्रबंधात लिहिता येत नाहीत.

फेलोशिपवाल्यानंही हुरळून जाऊ नये. सीएसआयआर फेलोशिपसोबत वर्षाला २०,००० रुपये कंटिन्जन्सी, म्हणजे कामाच्या किरकोळ खर्चाची रक्कम, मिळते. आपल्या लॅबमध्ये अँटिबॉडीची एक कुपी घेतली की ते संपले. म्हणजे पगार तुमचा स्वतःचा असला तरी प्रयोगाचा खर्च कुणाच्या तरी प्रोजेक्टमधूनच निघणार. फेलोशिप घेऊन ग्रँट नसलेल्या लॅबमध्ये गेलेली मुलं वर्षभर नुसते पेपर वाचत बसलेली मी पाहिली आहेत.

या दोन टोकांच्या मधलाही एक प्रकार आहे आणि त्यानं गोंधळ वाढतो. जैवतंत्रज्ञान विभागाच्या बेट परीक्षेत दोन याद्या लागतात. कॅटेगरी एकची फेलोशिप तुम्ही सोबत नेऊ शकता. कॅटेगरी दोनवाल्याला त्या विभागाच्या पैशांवर चालणाऱ्या प्रोजेक्टवर निवड झाली तरच, आणि प्रोजेक्ट असेपर्यंतच फेलोशिप मिळते. परीक्षा एकच, पण एक यादी 'मिळाली'ची आणि दुसरी बरीचशी 'लागलीस'ची. निकालाच्या दिवशी कॅटेगरी न बघता स्टेटस टाकणारे बरेच असतात.

सगळ्यात महागात पडणारा गैरसमज पीएचडीच्या नोंदणीचा. प्रोजेक्टवर जेआरएफ लागणं म्हणजे पीएचडीला प्रवेश नव्हे. प्रवेशाची प्रक्रिया वेगळी, मुलाखत वेगळी. आयआयटी मुंबईत पीएचडीच्या अर्जातच पैशांच्या सोयीनुसार प्रवर्ग असतात: संस्थेची टीचिंग असिस्टंटशिप, बाहेरून फेलोशिप आणणारे, प्रोजेक्टवरचे रिसर्च असिस्टंट. विद्यापीठात नेट किंवा प्रवेश परीक्षा, मग मुलाखत, मग नोंदणी. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे किमान तीन आणि साधारण कमाल सहा वर्षांचा हिशेब प्रवेशापासून सुरू होतो. त्याआधी लॅबमध्ये घालवलेली दोन वर्षं अनुभवाच्या दाखल्यावर दिसतील, पीएचडीच्या हिशेबात नाहीत. "आधी काम तर सुरू कर, नोंदणीचं बघू" हे वाक्य ऐकलं की त्याच बैठकीत पुढचा प्रवेश कधी आहे ते विचारा. गाईडच्या मनात काही वाईट नसतं, पण वेळ तुमचा जातो.

महाराष्ट्रातल्या मुलांना आणखी एक गोष्ट माहीत हवी. बार्टी, सारथी आणि महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या संशोधन फेलोशिपमध्ये क्रम उलटा असतो: आधी पीएचडीची नोंदणी, मग फेलोशिपचा अर्ज. प्रोजेक्टवर असताना नोंदणी झाली तर हा दरवाजा उघडतो. नोंदणीच नसेल, तर लॅबमध्ये कितीही काम केलेलं असो, अर्ज भरता येत नाही.

मग यातलं काय घ्यावं? फेलोशिप हातात असेल तर ती घ्या, यात मला शंका नाही. नसेल तर प्रोजेक्टला कमी समजू नका. लॅबमध्ये कधीच काम न केलेल्या मुलीनं पाच वर्षांची सही करण्याआधी एक वर्ष प्रोजेक्टवर काढावं असं मी उलट आग्रहानं सांगते. प्रयोग फसतो त्या दिवशी गाईड कसे वागतात, पेपरवर नावं कशी लागतात, सीनियर्स पाच वर्षांत बाहेर पडतात की आठ, हे वेबसाइटवर कळत नाही.

ज्युनियरला त्या रात्री मी तीन प्रश्न लिहून दिले. प्रोजेक्ट कोणत्या तारखेला संपतो? या काळात पीएचडीला अर्ज करायला सरांची हरकत आहे का? माझ्या कामावर पेपर झाला तर माझं नाव असेल का? तिला विचारायला संकोच वाटत होता, सरांना राग येईल अशी भीती होती. सर रागावले नाहीत. प्रोजेक्टला एकवीस महिने आहेत, अर्ज जरूर कर, आणि काम तुझं असेल तर नाव तुझंच, असं त्यांनी सांगितलं. सोमवारी ती रुजू झाली. पहिले दोन आठवडे तिनं फक्त पिपेट कॅलिब्रेट केले, आणि गेटचे अर्ज सुरू झाल्यावर पहिल्याच आठवड्यात बीएमचा फॉर्म भरून मला स्क्रीनशॉट पाठवला.