नाशिकरोड : हद्द एक, गावं दोन

नाशिकरोडच्या कुठल्याही सोसायटीत सकाळी एक वाक्य हमखास कानावर पडतं: "जरा नाशिकला जाऊन येतो." बोलणारा घरपट्टी नाशिक महापालिकेकडेच भरतो, नगरसेवकही त्याच महापालिकेत पाठवतो, आणि त्याला जायचं असतं ते आठ-नऊ किलोमीटरवर, शालिमारला नाहीतर मेनरोडला. पंचवटीतून मेनरोडला निघालेला माणूस "नाशिकला चाललो" म्हणत नाही. कागदावर दोघेही एकाच शहराचे. नाशिकरोडच्या शेजारी देवळाली कॅम्प ही लष्करी छावणी आहे; तिचा नागरी भाग छावणीतून काढून कुणाच्या हवाली करायचा, हा विषय सध्या निघालाय. तो समजायचा तर आधी हे "नाशिकला जाणं" समजून घ्यावं लागतं.

घोळ नावापासूनच आहे. रेल्वेच्या भाषेत स्टेशनाच्या नावापुढे "रोड" लागला की अर्थ सरळ असतो: गाव इथं नाही, इथून रस्त्यानं जायचंय. वसई रोड, डहाणू रोड, सावंतवाडी रोड ही सगळी त्याच कुळातली. १८६५ मध्ये कसारा-इगतपुरी घाटातून गाड्या सुरू झाल्या, १८७० मध्ये जबलपूरला हा मार्ग कलकत्त्याकडच्या लाइनला जोडला गेला. या रेल्वेला नाशिक गाठायचं नव्हतंच, पुढचा देश गाठायचा होता. गोदाकाठचं क्षेत्र बाजूला राहिलं आणि यात्रेकरू माळावर उतरू लागले. या माळालाच पुढे लोक गाव म्हणू लागले, पण नाव दुसऱ्या गावाच्या वाटेचंच राहिलं.

या वाटेवर १८८९ मध्ये ट्राम आली. जुन्या नगरपालिकेच्या इमारतीपासून स्टेशनापर्यंत घोडे डबे ओढत असत. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला ती तोट्यात जाऊन बंद पडली. त्यानंतर टांगे झाले, एसटीची सिटी बस झाली, द्वारका चौकातल्या शेअर रिक्षा झाल्या, २०२१ च्या जुलैत महापालिकेची स्वतःची बससेवा आली. त्याच वर्षीच्या केंद्रीय अर्थसंकल्पात मेट्रो निओसाठी २,०९२ कोटींचा आकडा वाचून दाखवला गेला. रबरी टायरची ती गाडी कागदावरून खाली उतरलेली नाही. घोड्यांची ट्राम निदान चाळीसेक वर्षं चालली.

गावाला गावपण आलं ते प्रेसमुळे. १९२५ मध्ये इथं प्रतिभूती मुद्रणालय सुरू झालं आणि १९२८ पासून नोटा छापल्या जाऊ लागल्या. तोवर टपाल तिकिटं आणि नोटा इंग्लंडहून छापून यायच्या. आयएसपी (इंडिया सिक्युरिटी प्रेस), सीएनपी (करन्सी नोट प्रेस) ही नावं लोक फॉर्मवर लिहितात, बोलताना फक्त "प्रेस". "मुलगा प्रेसमध्ये लागला" एवढं सांगितलं की लग्नाच्या बैठकीत पुढचे प्रश्न कमी व्हायचे. आमच्या वाड्यात असे तिघे होते. दिवसभर हाताखालून किती लाख गेले याचा हिशेब नाही, सुटी झाली की गेटवर झडती द्यायची, सायकल काढायची आणि घरी येताना भाजीवाल्याशी आठ आण्यांसाठी घासाघीस करायची. २०१६ च्या नोटाबंदीत अख्खा देश एटीएमच्या रांगेत उभा होता तेव्हा इथं पाळ्यांवर पाळ्या लागल्या होत्या, आणि प्रेसवाल्यांच्या घरचे लोकही त्याच रांगेत होते.

बाकीचं भराभर सांगता येईल. १९२७ चं मध्यवर्ती कारागृह, त्यावरून जेलरोड. "मी जेलरोडला असतो" हे वाक्य इथला माणूस अगदी सहज बोलतो, ऐकणारा पाहुणाच दचकतो. १९४८ पासून तोफखाना केंद्र. १९७० पासून एकलहऱ्याचं औष्णिक वीज केंद्र. पळशाचा सहकारी साखर कारखाना. १९७१ चं संगमरवरी मुक्तिधाम, भिंतींवर गीतेचे अठराही अध्याय कोरलेलं. ज्या चौकात सगळ्या रिक्षा थांबतात त्या बिटकोचं नाव काळ्या दंतमंजनाचं आहे, हे आता कॉलेजातल्या पोरांना सांगावं लागतं. पाच जिल्ह्यांचं विभागीय महसूल आयुक्तालयही नाशिकमध्ये नाही, नाशिकरोडला आहे. नंदुरबारहून कामाला आलेला माणूस नाशिक न पाहता परत जाऊ शकतो. आणि नाशिककडून पुणे रस्त्यानं येताना मध्ये जी वस्ती लागते तिचं नावच "उपनगर". पोलिस ठाणंही उपनगर पोलिस ठाणं. कुणाचं उपनगर, हे पाटीवर लिहिलेलं नाही.

याहून मोठा घोळ "देवळाली" या शब्दाचा. देवळालीगाव हे वालदेवीकाठचं जुनं खेडं, आज नाशिकरोडला पूर्ण चिकटलेलं. देवळाली कॅम्प लॅम रोडनं काही किलोमीटर पुढे, ती लष्करी छावणी. देवळाली नावाचं रेल्वे स्टेशन कॅम्पात आहे, गावात नाही. तिथं रात्री उतरून देवळालीगाव शोधणारे पाहुणे आमच्या लहानपणी दर उन्हाळ्यात एखाददुसरे असायचेच. देवळाली विधानसभा मतदारसंघ वेगळाच, त्यात भगूर आणि आसपासची खेडी येतात. शिवाय एकेकाळी नाशिकरोड-देवळाली नगरपालिका होती. तिच्या नावातली देवळाली म्हणजे गाव, कॅम्प नव्हे. कॅम्पला आपला छावणी परिषदेचा कारभार होता. आता बातमीत "देवळाली महापालिकेत येणार" असं वाचून देवळालीगावचे लोक हसतात. ते १९८२ मध्येच आले.

कॅम्पचा इतिहास वेगळ्या लेखाचा विषय आहे. नोकरी संपलेले गोरे सैनिक इथं मायदेशाच्या जहाजाची वाट पाहत महिनोन्महिने पडून राहायचे, आणि त्या कंटाळ्यातून इंग्रजीत वेडसरपणासाठी "डूलाली" हा शब्द गेला, एवढं बहुतेकांना ठाऊक असतं. मूळ प्रयोग "डूलाली टॅप" असा होता. त्यातला "टॅप" म्हणजे आपला ताप, हे मात्र इंग्रजी वाचणाऱ्यांना आपल्याइतकं पटकन कळत नाही.

तर १९८२. त्या वर्षी ७ नोव्हेंबरला नाशिक महापालिका अस्तित्वात आली. १८६४ ची नाशिक नगरपालिका, नाशिकरोड-देवळाली आणि सातपूर या तीन पालिका आणि वीसेक खेडी एकत्र केली गेली. कारणं सांगितली गेली ती पटण्यासारखी होती. सातपूरला औद्योगिक वसाहत वाढत होती, सिडकोची घरं उभी राहत होती, पाणी आणि रस्ते यांचं नियोजन तीन ठिकाणी करण्यात अर्थ नव्हता. जकातीच्या दृष्टीनंही एकच हद्द सोयीची होती.

नाशिकरोडच्या पालिकेचं दुखणं मात्र निराळं होतं, आणि ते त्या चर्चेत कुणी नीट मांडलं असं मला वाटत नाही. इथले सगळे मोठे मालमत्ताधारक केंद्र सरकारचे होते. प्रेस, रेल्वे, तोफखाना. घटनेच्या २८५ व्या कलमामुळे केंद्राच्या मालमत्तेवर स्थानिक संस्थेला घरपट्टी लावता येत नाही. फार तर सेवाशुल्क, आणि त्यासाठीही पत्रव्यवहार. म्हणजे गावात हजारोंना पगार, बाजारात पैसा, पण पालिकेच्या तिजोरीत त्या मानानं थोडं. या पालिकेला श्रीमंत गावाची गरीब पालिका म्हटलं तर चुकणार नाही. विलीनीकरणाच्या बाजूनं बोलणारे म्हणत, मोठ्या पालिकेत गेलो तर पाण्याला पैसा मिळेल. विरोधातले म्हणत, आज नगराध्यक्षाच्या घरी चालत जाऊन भांडता येतं, उद्या बस पकडावी लागेल. माझ्या मते दोघांचंही खरं ठरलं.

हद्दीची रेघ मात्र विचित्र पडली. गोदावरीपलीकडची शेती आत आली आणि नाशिकरोडच्या शिवेवरचं एकलहरे बाहेर राहिलं. भगूर बाहेर राहिलं, आपली छोटी नगरपालिका घेऊन. सावरकरांचं जन्मगाव म्हणून लोक तिथं मुद्दाम जातात, पण कारभाराच्या नकाशात ते एक बेट आहे. कॅम्प तर लष्कराचाच, त्यामुळे तो बाहेर. २०११ च्या जनगणनेत महापालिका हद्दीत १४,८६,०५३ लोक आणि नागरी समूहात १५,६१,८०९. मधला पाऊण लाखाचा फरक म्हणजे या रेघेबाहेर राहिलेली माणसं. त्यातली बरीच रोज सकाळी नाशिकरोडच्याच फलाटावर, शाळेत किंवा बाजारात असतात.

विलीनीकरणाचा खरा चटका पुढच्या दहा वर्षांत बसला. १९८२ ला पालिका गेली आणि महापालिकेची पहिली निवडणूक झाली १९९२ ला. मधला सगळा काळ प्रशासकाचा. नाशिक शहरालाही प्रशासकच होता, पण त्याचं कार्यालय तरी त्यांच्या गावात होतं. आमच्या घरी जुन्या पावत्यांचा एक गठ्ठा आहे, वडिलांनी तारेत ओवलेला. त्यात एका वर्षापर्यंत पाणीपट्टीच्या पावतीवर "नाशिकरोड-देवळाली नगरपालिका" छापलेलं आहे. पुढच्या एका पावतीवर तेच छापील नाव शाईनं आडवं खोडून वर रबरी शिक्का मारलाय, नवीन पावतीपुस्तकं अजून यायची असावीत. शिक्का तिरका पडलाय आणि जुनं नाव खालून स्वच्छ वाचता येतं.

आज नाशिकरोड हा महापालिकेच्या सहा विभागांपैकी एक. विभागीय कार्यालय आहे, तिथं अर्ज घेतात, मोठ्या कामाची फाइल शरणपूर रोडला मुख्यालयात जाते. पाण्याची गोष्टही तशीच. चेहेडीला दारणा नदीवरून उचललेलं पाणी नाशिकरोडला येतं आणि त्याच्या वासाची, रंगाची तक्रार उन्हाळा आला की ठरलेली. "नाशिकला गंगापूरचं पाणी आणि आम्हाला दारणेचं" हे वाक्य निवडणुकीच्या सभेत अजूनही टाळी घेतं. मी इथला असल्यानं मलाही ते पटतं, हे कबूल करून टाकतो.

दरम्यान गावाचा पोत बदलला. प्रेसची भरती पूर्वीसारखी राहिली नाही, यंत्रं आली, साखर कारखाना बराच काळ बंद पडला. क्वार्टरच्या जागी रो-हाऊस आणि सात मजली इमारती आल्या. घरचा कमावता आता मुंबईचा पासधारक असतो नाहीतर अंबड-सातपूरच्या कंपनीत. पंचवटी एक्सप्रेसनं रोज मुंबईला जाऊन रात्री परतणाऱ्यांची इथं एक वेगळी जमातच आहे. त्यांचे डबे ठरलेले, जागा ठरलेल्या, वाढदिवस गाडीत, भजनंही गाडीत. नाशिक शहरातल्या माणसाला हे जमत नाही, कारण स्टेशन गाठायलाच त्याला अर्धा-पाऊण तास हवा. "रोड" लागल्याचा एवढा एक फायदा आम्ही पुरेपूर घेतला. नाशिक-पुणे या नियोजित रेल्वेचं मात्र काही खरं नाही. खोडदच्या रेडिओ दुर्बिणीवरून मार्ग अडला आणि आखणी बदलण्याचं बोलणं सुरू झालं. २०२७ च्या सिंहस्थासाठी स्टेशनाची आणि द्वारकेच्या रस्त्याची कामं निघाली आहेत, म्हणजे आणखी काही महिने बिटकोवरून गाडी न्यायची नाही.

आणि आता पुन्हा हद्दीचा प्रश्न. देशभरच्या छावण्यांमधला नागरी भाग वेगळा काढायचं केंद्रानं ठरवलं. महाराष्ट्रात अशा सात छावण्या आहेत, त्यांत देवळाली. कॅम्पात घरपट्टी कमी, पण बांधकामाचे नियम इतके कडक की जुन्या घरावर एक मजला चढवणं मुश्कील. त्यामुळे तरुणांना महापालिका हवी आहे आणि घरमालक वडीलधाऱ्यांना धास्ती आहे. भगूर आणि कॅम्प मिळून वेगळी नगरपालिका करा, असाही एक सूर आहे. तो ऐकला की नाशिकरोडचे जुने लोक मान हलवतात. ४०-४५ वर्षांपूर्वी आपणही हेच म्हणत होतो, असं त्यांचं म्हणणं.

मागच्या महिन्यात लॅम रोडच्या टोकाला एका दुकानदारानं मला विचारलं, "महापालिकेत गेलो तर कामाला नाशिकरोडला जायचं का नाशिकला?" मी म्हटलं, अर्ज द्यायला नाशिकरोडला, सहीला नाशिकला. तो म्हणाला, "म्हणजे दोन रिक्षा."