सलिश्ते

सलिश्ते : रोमानियाच्या सिबियू जिल्ह्यातील छोटे शहर. ते सिबियूच्या पश्चिमेस सुमारे २० किमी. वर, चिंद्रेल पर्वताच्या उत्तर पायथ्याशी वसले आहे. गालेश, वाले, सिबियेल, फन्तनेले, सचेल, माग, अचिलियू, अम्नाश आणि क्रिन्त्स ही ९ गावे त्याच्याच प्रशासनाखाली येतात. सगळी मिळून वस्ती पाच हजारांच्या आसपास. सलिश्तेला शहराचा दर्जा २००३ मध्ये मिळाला.

मध्ययुगात हा भाग वालाकियाच्या (कार्पेथियन पर्वताच्या दक्षिणेकडील रोमानियन राज्य) राजांकडे असलेल्या अम्लाश जहागिरीत मोडत असे. जहागिरीचे नाव ज्या गावावरून पडले ते अम्नाश मात्र जर्मनभाषक सॅक्सनांचे होते. १९८९ मध्ये साम्यवादी राजवट कोसळल्यावर ट्रान्सिल्व्हेनियात (सलिश्ते ज्यात मोडते तो प्रदेश) उरलेले बहुतेक सॅक्सन जर्मनीला निघून गेले.

या मुलखाचे खरे भांडवल मेंढ्या. उन्हाळ्यात डोंगरमाथ्यावरची कुरणे पुरत. हिवाळ्यात मात्र येथील मेंढपाळ कार्पेथियन पर्वत ओलांडून कळप डॅन्यूबकाठच्या सखल मैदानात आणि काळ्या समुद्रालगतच्या दोब्रोजा प्रदेशात उतरवत. काही तर क्रिमियापर्यंत पोचत. त्यामुळे ऑस्ट्रियाच्या हॅब्सबर्ग राजवटीखालचे हे डोंगरी लोक पर्वतापलीकडच्या रोमानियन मुलखाशी कायम जोडलेले राहिले. लोकर आणि चीज यांच्या व्यापाराने गावांत पैसा आला. अशा ऋतुमानानुसारच्या स्थलांतराला युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत आधीच स्थान होते. २०२३ मध्ये त्या नोंदीत रोमानियाचाही समावेश झाला.

एवढ्याशा परिसराने रोमानियाला दिलेले विद्वान पाहिले की थक्क व्हायला होते. इतिहासकार योआन लुपाश (जन्म १८८०), शिक्षणतज्ज्ञ ओनिसिफोर गिबू (१८८३) आणि तत्त्वज्ञ डी. डी. रोश्का (१८९५) हे सलिश्तेचे. इतिहासकार आंद्रेई ओत्सेत्या (१८९४) सिबियेलचे. त्याआधी, अठराव्या शतकात, सलिश्तेचा ओप्रेआ मिक्लाउश हा शेतकरी ऑर्थोडॉक्स या ख्रिस्ती पंथाच्या हक्कांसाठी व्हिएन्नाला दाद मागायला गेला. त्याला ऑस्ट्रियातील कुफश्टाइनच्या किल्ल्यात डांबण्यात आले. चर्चने पुढे त्याला संतपद दिले.

सिबियेलमध्ये काचेवरील धार्मिक चित्रांचे मोठे संग्रहालय आहे. साम्यवादी राजवटीत अनेक वर्षे तुरुंगवास भोगून आलेले पाद्री झोसिम ओआंचा यांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीस गावकऱ्यांकडून चित्रे मिळवून ते उभे केले. ही चित्रे काचेच्या मागच्या बाजूने रंगवतात. आधी बाह्यरेषा आणि बारीक तपशील, मग त्यांच्यावर रंगाचे थर, असा कामाचा क्रम नेहमीच्या चित्राच्या अगदी उलट असतो. शिवाय समोरून पाहताना डावे-उजवे बदलते. चित्रकार बहुधा शेतकरी कुटुंबांतले. म्हणूनच संतांचे चेहरे ओळखीच्या माणसांसारखे वाटतात, आणि या कलेचे मोठेपण त्यातच आहे.

सलिश्तेचा काळा-पांढरा पोशाख रोमानियाभर ओळखला जातो. दरवर्षी २८ डिसेंबरला आसपासच्या गावांतील तरुणांची पथके हाच पारंपरिक वेश घालून शहराच्या चौकात जमतात आणि आपापल्या गावचे नाच सादर करतात.